कुजबुज उचलून धरणारा कान

मे महिन्यात वर्धा जिल्ह्यात पारा 45 अंशांना टेकतो आणि खोल्याखोल्यांतून कूलर रात्रभर घरघरत राहतात. सावंगी (मेघे) इथे 1990 पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यामुळे गावात विद्यार्थ्यांची वस्ती मोठी. रात्री लॅपटॉपवर सिनेमा लावला की एक गंमत होते. नायक हळू आवाजात काहीतरी महत्त्वाचं सांगतो आणि ते कूलर गिळून टाकतो. आवाज पूर्ण वाढवावा, तर पुढच्याच क्षणी स्फोट होतो आणि शेजारची खोली जागी होते. गाणी मात्र त्याच लॅपटॉपवर खणखणीत वाजतात. मग संवादांनीच काय घोडं मारलंय?

सिनेमाचा आवाज मुद्दामच तसा बांधलेला असतो. डिजिटल आवाजाला वरची एक ठाम मर्यादा असते. नेटफ्लिक्सच्या नियमांनुसार संवादांची सरासरी पातळी या मर्यादेच्या सुमारे 27 डेसिबल खाली ठेवतात आणि मोठ्यात मोठ्या आवाजाला मर्यादेच्या 2 डेसिबल खालपर्यंत चढू देतात. मधलं अंतर 25 डेसिबल. म्हणजे स्फोटाच्या लाटेचा दाब संवादाच्या जवळजवळ 18 पट! शांत, काळोख्या थिएटरात याच अंतरामुळे अंगावर काटा येतो. कूलरच्या खोलीत मात्र अंतराचा खालचा भाग बुडून जातो. त्यातही आधी बुडतात ती व्यंजनं. ‘तार’, ‘खार’, ‘फार’ यांतला जोर सगळा ‘आ’मध्ये असतो आणि अर्थ ठरतो तो सुरुवातीच्या दुबळ्या व्यंजनावर.

आता आवाज नुसता दुप्पट करून बघू. 16 बिटांच्या ध्वनीत प्रत्येक क्षणाची उंची एका आकड्याने लिहितात आणि सर्वांत मोठा आकडा 32,767. कुजबुजीचा 500 दुप्पट होऊन 1,000 झाला, उत्तम. पण स्फोटाचा 20,000 दुप्पट होऊन 40,000 व्हायला हवा आणि तेवढी जागाच नाही. लाटेचा माथा सपाट कापला जातो आणि मुळात नसलेले कर्कश सूर त्यातून जन्माला येतात. फाटलेला आवाज म्हणतात तो हाच.

यावरचा उपाय फार देखणा आहे. त्याचं नाव कॉम्प्रेसर. समजा, एक पातळी ठरवली आणि चारास एक असं प्रमाण लावलं. त्या पातळीच्या 20 डेसिबल वर गेलेला स्फोट आता फक्त 5 डेसिबल वर जाईल. वाचले 15 डेसिबल. आता सगळाच आवाज 15 डेसिबलने उचला. स्फोट होता तिथेच परत येतो आणि कुजबुज तब्बल 15 डेसिबल वर चढते! व्हीएलसी प्लेअरमध्ये ‘टूल्स’ मेनूतल्या ‘इफेक्ट्स अँड फिल्टर्स’मध्ये हा कॉम्प्रेसर फुकट मिळतो. हा प्लेअरसुद्धा मूळचा विद्यार्थ्यांचाच. 1996 साली पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात त्याची सुरुवात झाली. संगीत नीट आणि संवाद मात्र जवळपास गायब असतील, तर आधी ध्वनीची सेटिंग ‘स्टिरिओ’वर आहे ना ते पाहावं. 5.1 ध्वनीत संवाद मधल्या स्पीकरसाठी असतात आणि लॅपटॉपला तो स्पीकरच नसतो.

पण खरं आश्चर्य पुढे आहे. हे यंत्र निसर्गाने आपल्या कानात कधीच बसवलं आहे. अगदी क्षीण आवाज आणि कानठळ्या बसवणारा आवाज यांच्या दाबात दहा लाख पटींचा फरक असतो. श्रवणतंतूंच्या एकेका धाग्याला एवढा पल्ला झेपत नाही. म्हणून आतल्या कानातल्या, अडीच वेढ्यांच्या कॉक्लियात सुमारे 12,000 बाह्य केशपेशी कामाला लागतात. आवाजाच्या तालावर त्या सेकंदाला हजारो वेळा आखूड-लांब होतात आणि झोका देणाऱ्याने नेमक्या क्षणी हात लावावा तशी क्षीण कंपनांना उभारी देतात. मोठ्या आवाजाला ही मदत मिळत नाही. कुजबुज उचलायची आणि गडगडाट तसाच ठेवायचा! या खटाटोपात कान स्वतःसुद्धा बारीक आवाज करतो. 1978 साली डेव्हिड केम्प यांनी तो मायक्रोफोनने टिपला. नवजात बाळाला ऐकू येतं का, हे आज रुग्णालयात त्याच आवाजावरून तपासतात.

गोंगाटाने किंवा वयाने या पेशी मेल्या, तर माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. मग आजोबा म्हणतात, ‘मोठ्याने बोल,’ आणि मोठ्याने बोललं की म्हणतात, ‘ओरडतोस कशाला?’ दोन्ही तक्रारी खऱ्या असतात. कुजबुज ऐकू येत नाही आणि मोठा आवाज पूर्वीइतकाच बोचतो, कारण आतला कॉम्प्रेसर गेलेला असतो. म्हणूनच आजच्या डिजिटल श्रवणयंत्रांत जो मुख्य हिशोब चालतो, तो लॅपटॉपवरच्या त्या कॉम्प्रेसरचाच. सिनेमा पाहताना, विशेषतः कानात इअरफोन असताना, सरसकट आवाज वाढवण्याआधी हा पर्याय वापरून पाहा. संवाद नीट कळतील आणि ज्या केशपेशी एकदाच मिळतात, त्या जपल्या जातील.