बाळंतपणांचा पूर्वेतिहास आणि स्तनांची घनता

मॅमोग्राफीसाठी, म्हणजे स्तनांच्या क्ष-किरण तपासणीसाठी आलेल्या स्त्रीकडून आधी काही माहिती विचारून घेतली जाते. पाळी कितव्या वर्षी आली, पहिले मूल कोणत्या वयात झाले, बाळंतपणे किती, मुलांना अंगावर किती महिने पाजले, पाळी केव्हा गेली, असे ते प्रश्न असतात. अनेकींना ते अप्रस्तुत वाटतात आणि मूलबाळ नसलेल्या स्त्रीला तर बोचतातही. तपासणी स्तनांची असताना चौकशी बाळंतपणांची का, ही शंका स्वाभाविक आहे. तिचे उत्तर स्तनांच्या अंतर्रचनेत सापडते.

दूध तयार करणाऱ्या ग्रंथी व नलिका, त्यांना आधार देणारे तंतू आणि चरबी यांनी स्तन बनलेला असतो. चरबीतून क्ष-किरण सहज पार होतात, त्यामुळे चित्रात ती काळसर दिसते. ग्रंथी आणि तंतू मात्र पांढरे उमटतात. या पांढऱ्या भागाच्या प्रमाणालाच घनता म्हणतात. स्तन हाताला कठीण लागतो की मऊ, यावरून ती ठरत नाही. ती चित्रातच दिसते. तज्ज्ञ तिच्या चार श्रेणी करतात व वरच्या दोन श्रेणींतील स्तन दाट मानले जातात. दाट स्तन हा आजार नव्हे.

तरीही घनतेकडे लक्ष द्यावे लागते, याला दोन कारणे आहेत. पहिले कारण सरळ आहे. कर्करोगाची गाठही पांढरीच दिसते आणि पांढऱ्यावरचे पांढरे नजरेतून सुटू शकते. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. अमेरिकेतील डेट्रॉइटचे क्ष-किरणतज्ज्ञ जॉन वुल्फ यांनी १९७६ साली स्तनचित्रांचे वर्गीकरण करून दाट चित्रे आणि पुढे उद्भवणारा कर्करोग यांचा संबंध मांडला. पुढील संशोधनात असे आढळले की, ज्यांच्या चित्राचा तीन चतुर्थांश किंवा अधिक भाग पांढरा असतो त्यांचा धोका, जवळजवळ पांढरेपणा नसलेल्या स्त्रियांच्या तुलनेत चार ते पाच पट असतो. मात्र ही तुलना दोन टोकांमधली आहे. बहुसंख्य स्त्रिया या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असतात.

गर्भारपणात संप्रेरकांच्या प्रभावाने नलिकांना फाटे फुटतात व दुधाच्या ग्रंथी परिपक्व होतात. मूल अंगावरून सुटल्यावर या ग्रंथींपैकी बऱ्याच आक्रसतात आणि त्यांची जागा चरबी घेते. म्हणून मूल झालेल्या स्त्रियांच्या चित्रात, सरासरीने पाहता, पांढरा भाग मूल न झालेल्यांपेक्षा कमी असतो. बाळंतपणांची संख्या वाढते तसा तो आणखी थोडा घटतो. पहिले मूल उशिरा झालेल्यांत तो तुलनेने अधिक राहतो. पाळी गेल्यावर तर सर्वांमध्येच त्यात घट होते.

बाळंतपण व स्तनाचा कर्करोग यांच्या नात्याची जाणीव मात्र क्ष-किरणांच्या शोधापेक्षा कितीतरी जुनी आहे. ख्रिस्ती मठांतील जोगिणींमध्ये हा रोग अधिक दिसतो, अशी नोंद इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी केली होती. १८४२ साली रिगोनी-स्टर्न यांनी व्हेरोना शहरातील मृत्यूंच्या नोंदी तपासून तेच दाखविले. १९२६ साली इंग्लंडमध्ये जॅनेट लेन-क्लेपन यांनी ५०० रुग्ण स्त्रियांची तेवढ्याच निरोगी स्त्रियांशी तुलना केली, तेव्हा रुग्णांमध्ये उशिराचे लग्न व थोडी मुले हे प्रमाण अधिक भरले.

असे असले तरी पूर्वेतिहासावरून भविष्य वर्तविता येत नाही. बाळंतपणानंतरची काही वर्षे धोका घटण्याऐवजी किंचित वाढलेलाच असतो. १२ महिने अंगावर पाजल्यास धोका सुमारे ४.३ टक्क्यांनी घटतो, असे ३० देशांतील अभ्यासांच्या एकत्रित पाहणीतून २००२ साली दिसून आले, परंतु त्याचा ठसा घनतेवर तितका स्पष्ट उमटत नाही. लठ्ठ स्त्रीचे चित्र चरबीमुळे काळसर दिसते, पण पाळी गेल्यानंतर लठ्ठपणा स्वतःच धोका वाढवतो. शिवाय जुळ्या बहिणींच्या अभ्यासावरून घनतेतील निम्म्याहून अधिक फरक आनुवंशिक असल्याचे दिसते. मूल नसणे हा दोष ठरविणाऱ्यांना या माहितीत काडीचाही आधार नाही.

मुंबईत १९६३ पासून आणि सोलापूर जिल्ह्यातील बार्शी परिसरात १९८७ पासून कर्करोग नोंदणी चालू आहे. मुंबईच्या मानाने बार्शीकडे या रोगाचे प्रमाण कमी आढळले आहे. लवकर व अधिक बाळंतपणे हे त्याचे एक कारण मानले जाते. परंतु प्रमाण कमी म्हणजे रोग नाही, असे नव्हे. चार मुलांच्या आईने ‘मला काय होणार’ म्हणून गाठ अंगावर काढली, तर तो रोग उशिराच उघडकीस येतो.

मॅमोग्राफी सर्वत्र उपलब्ध नाही. या दृष्टीने टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांत केलेला प्रयोग मोलाचा ठरला. सुमारे दीड लाख स्त्रियांच्या या अभ्यासात निम्म्या गटातील स्त्रियांचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पन्नाशी व त्यापुढील वयाच्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत मात्र तसा लाभ दिसला नाही.

अमेरिकेत तपासणी केंद्रांना सप्टेंबर २०२४ पासून प्रत्येक स्त्रीला तिच्या स्तनांची घनता कळविणे बंधनकारक आहे. आपल्याकडेही अहवालात घनतेची श्रेणी कोणती लिहिली आहे, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे. दाट स्तनांसाठी ते सोनोग्राफी सुचवू शकतात. मूल अंगावर पीत असल्यास तसे आधीच सांगावे, कारण त्या काळात चित्र अधिक पांढरे येते. आणि हाताला गाठ लागत असेल, तर चित्र निर्दोष आले तरी तेवढ्यावर न थांबता सोनोग्राफी व गरजेनुसार सुईने नमुना तपासून घ्यावा.