मान्यता नाही, म्हणून नियुक्तीच नाही?

दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावी खासगी शाळेत लागलेला शिक्षक मान्यतेच्या आशेवर कित्येक वर्षे बिनपगारी शिकवतो, आणि एके दिवशी संस्थाचालक त्यास सांगतात की, शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता नाही, सबब आपली नियुक्तीच नाही. हे विधान कायद्याला धरून नाही, एवढेच आम्हांस येथे स्पष्ट करावयाचे आहे.

नियुक्ती संस्था करते. शासनाच्या मान्यतेचा संबंध वेतन-अनुदानाशी आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ‘सेंट उलाई हायस्कूल’ प्रकरणात हाच भेद मांडला. पात्र उमेदवाराची रिक्त पदावर रीतसर नेमणूक झाली असेल, तर केवळ मान्यतेअभावी ती अवैध ठरत नाही. जाहिरातीत वा बिंदुनामावलीत खोट असल्यास गोष्ट निराळी. ती खोट बहुधा संस्थेची असते, भोगतो मात्र शिक्षक.

सेवा समाप्त केल्यास 1977 च्या खासगी शाळा कर्मचारी अधिनियमाच्या कलम 9 अन्वये 30 दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करावे लागते. यवतमाळकरांसाठी ते अमरावतीस आहे. आश्वासनांवर विसंबून ही मुदत घालविणारे आम्ही पुष्कळ पाहिले. न्यायाधिकरण पुनःस्थापनेचा व थकीत वेतनाचा आदेश देऊ शकते. ती रक्कम संस्थेच्या अनुदानातून कापून थेट शिक्षकास द्यावी, अशी शिफारसही शासनास करू शकते. शिक्षणाधिकाऱ्यांनी मान्यताच नाकारली, तर मात्र नागपूर खंडपीठात रिट याचिका करावी लागते. दोन्हीकडे पहिला प्रश्न कागदांचा असतो : नियुक्तिपत्र, रुजू अहवाल आणि सह्यांच्या हजेरीपत्रकाच्या प्रती. त्या रुजू झाल्यापासूनच स्वतःजवळ ठेवाव्यात. वाद उद्भवल्यावर शाळेचे कपाट आपल्यासाठी उघडत नाही.