पाऊस मुरतो, पण कुठपर्यंत?

भेगाळलेल्या काळ्या रानात जूनचा पहिला दमदार पाऊस पडतो. पाणी भेगांतून झपाट्याने खाली उतरते. चार पावसांनंतर मात्र त्याच शेतात पाणी तुंबते, आणि विहिरीची पातळी फारशी वाढलेली नसते. असे का होते?

याचे उत्तर जमिनीच्या थरांत आहे. महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग बेसाल्ट खडकाचा आहे. अनेक ठिकाणी वर काळी माती, खाली मुरूम, मग भेगा पडलेला झिजका खडक आणि त्याखाली घट्ट कातळ असतो. काळी माती ओली झाली की फुगते, भेगा मिटतात आणि पाणी मुरण्याचा वेग घटतो.

खाली मोकळा मुरूम असला तरी पाणी लगेच उतरत नाही. मातीची बारीक छिद्रे केशाकर्षणाने पाणी धरून ठेवतात. भिजलेला स्पंज खडीवर ठेवला, तरी तो पूर्ण भरेपर्यंत गळत नाही. तसेच इथे घडते. वरची माती जवळजवळ संपृक्त झाल्यावरच पाणी मुरमात उतरते.

वाळूतून पाणी कसे वाहते, याचा नियम फ्रेंच अभियंता हेन्री डार्सी यांनी 1856 मध्ये मांडला. त्यावरून कळते, की पाण्याचा वेग सर्वांत मंद थर ठरवतो. ढोबळ हिशेब पाहा. दिवसाला 1 मीटर वेगाने 1 मीटर वाळू ओलांडायला एक दिवस लागतो. दिवसाला 1 मिलिमीटर वेगाने 10 सेंटिमीटर चिकणमाती ओलांडायला मात्र 100 दिवस! घट्ट कातळ लागला, की पाणी आडवे सरकते आणि उतारावर झरा होऊन बाहेर पडते.

म्हणूनच शोषखड्डा काळ्या मातीतच संपला, तर त्याचा उपयोग कमी. तो मुरमापर्यंत किंवा भेगाळ खडकापर्यंत न्यावा लागतो. पाझर तलावाच्या तळाशी बसलेला गाळाचा पातळ थरही पाणी अडवतो, त्यामुळे तो वेळोवेळी काढावा लागतो.

पण घाई करून अंगणातले गढूळ पाणी थेट विहिरीत किंवा बोअरमध्ये सोडणे धोक्याचे. मातीतून सावकाश उतरताना पाणी गाळले जाते आणि बरेच जंतूही अडतात. ती वाट टाळली, तर शेणाची, सांडपाण्याची घाण सरळ पिण्याच्या पाण्यात मिसळते. त्यामुळे छताचे पाणीही आधी वाळू-खडीच्या गाळणीतून न्यावे आणि पहिल्या पावसाचे पाणी बाहेर सोडून द्यावे.