टेम्पलेटला कसं कळतं, आपण कुठल्या पानावर आहोत?

मागच्या वेळी आपण ड्रुपलमधली ट्विग टेम्पलेटं पाहिली. त्यानंतर एक प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला: बॅनर एकच आहे, पण संपर्काच्या पानावर त्यातलं शीर्षक वेगळं हवं, तर काय करायचं? (बॅनर नुसता लपवायचा असेल तर कोड नकोच, ब्लॉकच्या सेटिंगमध्ये ती सोय आहे.)

पहिला मोह होतो तो पत्ता तपासायचा. पण ब्राउझरमध्ये दिसतो तो पत्ता बहुतेक वेळा टोपणनाव असतं. संपादकाने ते बदललं की आपली अट मोडली. मराठी-इंग्रजी साइट असेल तर पुढे भाषेचा उपसर्गही लागतो. ड्रुपल ७ मध्ये ‘आर्ग’ फंक्शनने आतल्या पत्त्याचे तुकडे मिळायचे. नोव्हेंबर २०१५ मध्ये आठवी आवृत्ती आली, त्यात हे फंक्शन गेलं आणि सिम्फनीचं राउटिंग आलं. आता प्रत्येक राउटला नाव असतं. कोअरच्या संपर्क फॉर्मचं नाव ‘कॉन्टॅक्ट.साइट_पेज’, तर लेखाचं ‘एंटिटी.नोड.कॅनॉनिकल’. सगळ्या लेखांचं नाव हेच बरं का. नेमका कुठला लेख, ते ‘नोड’ या पॅरामीटरमधून कळतं.

ट्विगला हे नाव आपोआप मिळत नाही. थीमच्या ‘.थीम’ फाइलमध्ये ब्लॉकचं प्रीप्रोसेस फंक्शन लिहायचं, त्यात राउटमॅचकडून नाव घ्यायचं आणि व्हेरिएबलमध्ये ठेवायचं. तीन-चार ओळींचं काम.

आता खरी मेख. आमच्याच एका कामात हे सगळं ठीक चाललं होतं. साइट लाइव्ह झाली आणि देणगीच्या पानावर बॅनर म्हणायला लागला ‘संपर्क’! कारण काय? ब्लॉक स्वतंत्रपणे कॅश होतो. जो पाहुणा आधी संपर्काच्या पानावर गेला, त्याच्यासाठी बनलेला ब्लॉक पुढे सगळ्यांना वाढला गेला. आम्ही आमच्या मशीनवर कॅश बंद ठेवून काम करत होतो, मग चूक दिसणार कशी? उपाय एका ओळीचा: त्याच फंक्शनमध्ये कॅशच्या ‘कॉन्टेक्स्ट्स’मध्ये ‘राउट’ घालायचं. फक्त नावावरच फरक पडत असेल तर ‘राउट.नेम’ पुरतं, म्हणजे हजार लेखांसाठी हजार प्रती साठत नाहीत.

आणि ‘नोड’ पॅरामीटर घेताना तो आहे का, हे आधी बघा. संपर्काच्या पानावर नोडच नसतो. तिथे त्याचं शीर्षक मागितलंत तर पान कोसळतं. नवं प्रीप्रोसेस फंक्शन लिहिल्यावर कॅश एकदा साफ करा, नाहीतर ते चालतच नाही आणि आपण तासभर स्पेलिंग तपासत बसतो.