माकडहाड

रोवणीचे दिवस होते. संध्याकाळी वाचनवर्ग भरला, तेव्हा नागऱ्याच्या एक मावशी भिंतीला धरून, वाकत वाकत आत आल्या. सकाळी ओल्या धुऱ्यावरून त्यांचा पाय घसरला होता. "काय दुखतं मावशी?" असे विचारले, तर म्हणाल्या, "माकडहाड दुखतं, गुरुजी. बसता येत नाही."

सतरंजीवर बसलेल्या एकाने लगेच विचारले, "गुरुजी, हाड माणसाचं, मग नाव माकडाचं कसं? माणूस माकडापासून झाला म्हणतात, ते खरं काय?"

मागून दुसरा म्हणाला, "आपण नसू झालो. पण जंगलाकडचे लोक असतील! ते अजून तसेच आहेत."

वर्गात हसू झाले. दोघे मात्र हसले नाहीत. ते दोघे जंगलाकडच्याच गावांतून मजुरीला आलेले होते.

त्या संध्याकाळी धडा बाजूला राहिला आणि याच गोष्टीवर बोलणे झाले. तेच येथे थोडे विस्ताराने लिहिले आहे.

आधी हाडाची गोष्ट. आपल्या पाठीचा कणा खाली जेथे संपतो, तेथे चार-पाच लहान हाडे एकमेकांना चिकटून एक टोक झाले आहे. माकडाला याच जागेपासून पुढे शेपूट असते. आपल्याला शेपूट नाही, पण तिची मुळी राहिली आहे. इतकेच नव्हे, तर आईच्या पोटात दुसऱ्या महिन्यात प्रत्येक बाळाला लहानशी शेपूट असते. तो महिना सरता सरता ती जिरून जाते. आपल्या वाडवडिलांनी शास्त्राची पुस्तके वाचली नव्हती, पण हाडाला नाव मात्र अचूक दिले.

मग माणूस माकडापासून झाला काय? नाही. असे म्हणणे चूक आहे. झाडावर उड्या मारणारे, काळ्या तोंडाचे वानर नागझिऱ्याच्या रानात पुष्कळ आहेत. ते आपले आजोबा नव्हेत. असे पाहा, तुमचा आणि तुमच्या चुलतभावाचा आजोबा एक असतो. म्हणून चुलतभाऊ काही तुमचा आजोबा होत नाही. तुम्ही दोघेही आजचेच. वानराचे आणि आपले नाते असे आहे. दोघांचा पूर्वज एक होता, पण तो अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वीचा. तो आजचा वानरही नव्हता आणि माणूसही नव्हता.

याहून जवळची भावकी वेगळी आहे. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान आणि गिबन हे प्राणी दिसायला माकडासारखे, पण त्यांना शेपूट नसते. त्यांना 'कपी' म्हणतात. आपल्याकडच्या रानात कपी नाहीत. भारतात आसामच्या बाजूला तेवढा हुलॉक नावाचा गिबन आहे. चिंपांझी आणि गोरिला आफ्रिकेत राहतात. यांतला चिंपांझी आपल्या सर्वांत जवळचा. त्याची आणि आपली वाट साधारण साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी वेगळी झाली. त्याच्या बोटांवरही आपल्यासारख्या रेघा असतात आणि प्रत्येक चिंपांझीचा अंगठ्याचा ठसा निराळा असतो. १९६० साली जेन गुडाल नावाच्या इंग्रज बाई आफ्रिकेत टांझानियाच्या गोंबे रानात जाऊन राहिल्या. तेथे त्यांनी एक चिंपांझी पाहिला. तो गवताची काडी वाळवीच्या वारुळात खुपसत होता आणि काडीला चिकटलेली वाळवी ओठांनी ओढून खात होता. हत्यार फक्त माणूसच वापरतो, असे तोवर मोठमोठे पंडितही मानत होते.

पण दिसण्यावरून नाते ठरवावे काय? चेहरे तर परक्यांचेही मिळतेजुळते असतात. त्याला लेखी पुरावा हवा. आणि तसा लेखी पुरावा आहे, हीच यातली नवलाची गोष्ट!

प्रत्येक जीवाच्या देहात एक मजकूर लिहिलेला असतो. डोळे कसे करावे, रक्त कसे करावे, हे सारे त्यात असते. तुम्ही वर्गात मुळाक्षरे शिकलात, बाराखडी शिकलात. या मजकुराच्या लिपीत अक्षरे फक्त चार आहेत. पण मजकूर फार मोठा, तीनशे कोटी अक्षरांचा. त्याची एक नक्कल आईकडून येते, एक बापाकडून. नक्कल करताना कोठे कोठे अक्षर चुकते. प्रत्येक बाळात अशी साठ-सत्तर अक्षरे नवी, म्हणजे ना आईची ना बापाची असतात. बहुतेक चुकांनी काही बिघडत नाही. आणि पुढे त्या मुलाबाळांत, नातवंडांत उतरत जातात.

समजा, वर्गातल्या एकाने फळ्यावरचे उतरवताना 'कमळ'च्या जागी 'कळम' लिहिले. दुसऱ्या दिवशी आणखी चार वह्यांत 'कळम'च सापडले. तर गुरुजी काय म्हणतील? "तुम्ही याच्याच वहीवरून उतरवलेत!" शास्त्रज्ञ नाते ओळखतात ते असेच. बरोबर लिहिलेले सगळ्यांचे सारखे असू शकते. चूकही सारखी असली, तर मूळ वही एक असे समजावे.

अशी एक चूक आपल्या सर्वांच्या अंगात आहे. हिरड्या धड राहण्यासाठी, जखम भरण्यासाठी 'क' जीवनसत्त्व लागते. आवळ्यात, पेरूत, लिंबात ते असते. गाय किंवा शेळी आवळ्याची वाट पाहत नाही, ती हे जीवनसत्त्व आपल्या यकृतात स्वतः तयार करते. माणसाला ते जमत नाही. तयार करण्याची कृती आपल्या मजकुरात आहे, पण ती खोडल्यासारखी, मोडकी आहे. वानरातही ती मोडकी आहे आणि चिंपांझीतही. जेथे मोडली ती जागाही एकच. आपला आणि चिंपांझीचा मजकूर ओळीला ओळ लावून जेथे ताडून पाहता येतो, तेथे शंभरात जवळजवळ ९९ अक्षरे सारखी निघतात. हे काम २००५ साली झाले.

आता आणखी जवळचे नाते पाहू. हे नाते माणसांतलेच आहे.

जर्मनीत निआंडर नावाची एक दरी आहे. १८५६ साली तेथे चुन्याच्या दगडाची खाण चालू होती. गुहेतला गाळ उपसताना मजुरांना काही हाडे लागली. त्यांना वाटले, अस्वलाची असावीत. ती योहान फुलरोट या शाळामास्तरांच्या हाती गेली. मास्तरांनी निरखून पाहिले आणि सांगितले, ही माणसाची आहेत, पण आजच्या माणसाची नव्हेत. दरीच्या नावावरून या माणसांना निआंडरथल म्हणू लागले. भुवयांवर जाड हाडाची कड, रुंद नाक, हनुवटी नाहीशी, अंगाने बुटके आणि दणकट. मेंदू मात्र आपल्याएवढाच. युरोपात आणि आशियाच्या पश्चिम भागात ते काही लाख वर्षे राहिले. साधारण चाळीस हजार वर्षांपूर्वी ते संपले.

या लोकांची फार बदनामी झाली. १९०८ साली फ्रान्समध्ये एका म्हाताऱ्या निआंडरथलचा सांगाडा सापडला. त्यावरून एका मोठ्या विद्वानाने लिहिले की हे लोक गुडघे वाकवून, पोक काढून, वानरासारखे चालत. वर्षानुवर्षे पुस्तकांत तशीच चित्रे छापली गेली. १९५७ साली ती हाडे पुन्हा तपासली, तेव्हा दिसले की त्या म्हाताऱ्याला सांधेदुखी होती! आमच्या मावशी त्या दिवशी वाकून चालत होत्या, म्हणून नागऱ्याचे सगळे लोक वाकून चालतात असे कोणी लिहावे, तसेच हे झाले.

त्याच वर्षी इराकमध्ये शानिदार गुहेत आणखी एक सांगाडा मिळाला. हा माणूस एका डोळ्याने बहुधा आंधळा होता. त्याचा उजवा हात वाळून गेलेला होता आणि कोपराच्या खालचा भागच नव्हता. पायाने तो लंगडत असे. या जखमा जुन्या होत्या, भरून आलेल्या होत्या. म्हणजे असा पांगळा माणूस पुढे कित्येक वर्षे जगला. शिकार करून खाणाऱ्या टोळीत एकहाती, एकडोळ्या माणूस चाळिशीपर्यंत पोहोचतो कसा? कोणी तरी त्याला खायला देत असले पाहिजे. टोळी हलली की त्याच्यासाठी कोणी तरी थांबत असले पाहिजे.

हे लोक संपले खरे, पण पुरते संपले नाहीत. आजच्या माणसांचे पूर्वज आफ्रिकेत होते. त्यांतली काही मंडळी तेथून बाहेर पडली आणि पश्चिम आशियाच्या बाजूला त्यांची निआंडरथलांशी गाठ पडली. साधारण ४५ ते ५० हजार वर्षांपूर्वी त्यांच्यात सोयरिक झाली, मुले झाली. पुढे त्या मुलांचे वंशज चहूकडे पसरले आणि आपल्या देशातही आले. २०१० साली स्वान्ते पाबो आणि त्यांच्या सोबत्यांनी जर्मनीत निआंडरथलांच्या हाडांतून तो चार अक्षरांचा मजकूर वाचला आणि आजच्या माणसांच्या मजकुराशी ताडला. शंभरात एक-दोन भाग जुळला. पाबो यांना या कामाबद्दल २०२२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आफ्रिकेत राहिलेल्यांच्या वंशजांत हा भाग अगदी थोडा आहे. कारण ही सोयरिक आफ्रिकेबाहेर झाली.

हे किती जुने झाले? नागऱ्याचे शिवमंदिर आपल्याला फार जुने वाटते. हजार वर्षे म्हणजे चाळीस पिढ्या धरा. भाट पोथी उघडून दहा-पंधरा पिढ्या वाचतो, तर आपण कौतुकाने ऐकतो. ही सोयरिक जवळजवळ दोन हजार पिढ्यांपूर्वीची आहे. एवढी मोठी पोथी कोणत्या भाटाजवळ असणार?

हा वारसा नुसता नावाचा नाही. कोरोनाच्या साथीत आपल्याकडे किती घरे रिकामी झाली, हे सांगायला नको. २०२० साली पाबो आणि त्यांचे सहकारी ह्यूगो झेबर्ग यांनी दाखवले की निआंडरथलांकडून आलेला मजकुराचा एक तुकडा ज्याच्या अंगात आहे, त्याला हा रोग जड जाण्याचा धोका अधिक. दक्षिण आशियात, म्हणजे आपल्या बाजूला, निम्म्याच्या आसपास लोकांत तो तुकडा आहे. युरोपात शंभरात सोळा जणांत. पण पुढच्याच वर्षी त्यांनी दुसरा एक तुकडा दाखवला. तोही निआंडरथलांचाच, आणि तो असला तर धोका कमी. शिवाय वय किती, मधुमेह आहे का, दवाखाना किती दूर, प्राणवायूची नळी वेळेवर मिळाली का, यांवरही पुष्कळ काही ठरत होते. तेव्हा आपला माणूस गेला तो रक्तामुळेच गेला, असे कोणी मनाला लावून घेऊ नये.

आता सतरंजीवरच्या त्या हसण्याकडे येतो. जंगलाकडचे लोक माकडाच्या जवळचे, असे आपल्या वर्गात एक जण सहज बोलून गेला. पण हीच गोष्ट शंभर वर्षांपूर्वी युरोपातले मोठे प्राध्यापक गंभीरपणे शिकवत होते. गोरे लोक वरचे, काळे खालचे, आणि त्याला पुरावा म्हणे कवटीचा! आपल्या इरावती कर्वे यांनी हे जवळून पाहिले. १९२७ साली त्या बर्लिनला शिकायला गेल्या. त्यांचे प्राध्यापक होते ऑयगेन फिशर. त्यांचे मत असे, की गोऱ्या माणसाच्या कवटीच्या दोन बाजू एकमेकींपेक्षा अधिक वेगळ्या असतात आणि म्हणून त्याची बुद्धी अधिक तर्कशुद्ध असते. हे तपासण्याचे काम इरावतीबाईंकडे आले. त्यांनी १४९ कवट्या मोजल्या. काही युरोपातल्या, काही आफ्रिकेच्या वसाहतींतून आणलेल्या. मोजून त्यांनी लिहून दिले की असा काही फरक वंशावंशांत आढळत नाही.

परक्या मुलखात, पंचविशीच्या आतबाहेर वय, समोर परीक्षा घेणारे तेच गुरू. हे लिहिताना बाईंना काय वाटले असेल? थोड्याच वर्षांत जर्मनीत हिटलरचे राज्य आले आणि फिशर यांच्यासारख्यांच्या शिकवणीचा आधार घेऊन लाखो माणसांचे प्राण घेतले गेले. इरावतीबाई पुण्याला परत आल्या. पुढे डेक्कन कॉलेजात त्यांनी कितीतरी वर्षे शिकवले. जातीजमातींची डोकी-नाके मोजण्याचे काम त्यांनी स्वतःही पुढे पुष्कळ केले. ती पद्धत आता मागे पडली आहे. पण बर्लिनला मोजले ते मोजले तसेच लिहिले, हे त्यांचे मोठेपण मला तरी विसरता येत नाही.

चिंपांझीचे म्हणाल, तर गोंदियाचा व्यापारी, नागऱ्याचा शेतकरी, रानातला गोंड आणि जर्मनीचा प्राध्यापक हे सगळे त्याच्यापासून सारख्याच अंतरावर आहेत. वाट वेगळी झाली तेव्हा यांच्यातला कोणीच जन्मला नव्हता. वर्गात हे सांगितल्यावर जंगलाकडच्या त्या दोघांपैकी एकाने विचारले, "मग ते निआंडरथल आमच्यात जास्त, का यांच्यात?" प्रश्न रास्त होता.

याचे उत्तर अलीकडे मिळाले आहे. भारताच्या अनेक राज्यांतल्या सुमारे २,७०० माणसांचा मजकूर शास्त्रज्ञांनी वाचला आणि २०२५ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. जुन्या माणसांचा अंश सगळ्यांतच निघाला, कोणीही सुटले नाही. तो शंभरात एक-दोन इतकाच आहे. पण प्रत्येकाकडची पाने सारखी नाहीत. तुमच्याकडे एक पान, तर शेजाऱ्याकडे दुसरेच. या २,७०० माणसांच्या अंगातले निआंडरथलांचे सगळे तुकडे शास्त्रज्ञांनी एकापुढे एक मांडले, तेव्हा चाळीस हजार वर्षांपूर्वी संपलेल्या त्या लोकांच्या मजकुराचा जवळजवळ निम्मा भाग त्यातून जुळून आला.