पडद्यावरचा तळीराम

लातूरहून बार्शीकडे निघाले की वाटेत मुरुड लागते. बाजारपेठेचे मोठे गाव. 'लातूर पॅटर्न'ची कीर्ती हाकेच्या अंतरावर असल्याने इथली मुले दहावी झाली की लातूर गाठतात. आईबाप पोटाला चिमटा घेऊन खोलीचे भाडे आणि शिकवणीची फी भरतात. अशाच एखाद्या घरातल्या आठवीच्या मुलाला सहज विचारून पाहा : व्हिस्की-बिअरची किती नावे ठाऊक आहेत? चार-पाच तरी तो एका दमात सांगेल. दारूचा थेंबही त्याने चाखलेला नसेल. मग ही नावे त्याला शिकवली कुणी?

कायद्याने पाहावे तर कुणीच नाही! १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या २४ व्या कलमाने मद्याच्या जाहिरातीला आपल्या राज्यात मनाई आहे. केबलच्या नियमांत २००० साली दुरुस्ती होऊन दूरचित्रवाणीवरही दारू आणि सिगारेटच्या जाहिरातींना बंदी झाली. १५ डिसेंबर २०१६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांवरचे दारूचे फलक उतरवायला सांगितले. राज्यात बिअरसाठी वयाची २१ आणि इतर कडक दारूसाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात. मुलाच्या हाती दारू देणाऱ्याला २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ७७ व्या कलमाखाली ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कागदावर मुलाभोवतीचे कुंपण असे भक्कम आहे.

पण या कुंपणाला एक फट आहे आणि तिचे नाव सोडा! बाटलीवरचे नाव, रंग आणि चिन्ह जसेच्या तसे उचलून सोड्यावर, पाण्यावर, गाण्यांच्या कॅसेटवर चिकटवायचे आणि जाहिरात त्या सोड्याची करायची. 'बॅगपायपर'च्या सोड्यासाठी हिंदी पडद्यावरचे नामवंत नट दोस्तांची मैफल जमवीत. ती मैफल सोड्याची नव्हे हे शेंबड्या पोरालाही कळत होते. २००२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्रालयाने अशा काही जाहिराती थांबवल्या. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने या आडून केलेल्या जाहिरातींवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. बंदी आली की सोंग बदलते, एवढेच. २००८ मध्ये आयपीएल सुरू झाली तेव्हा बंगळूरच्या संघाचे नावच मालकाच्या व्हिस्कीवरून बेतलेले होते. आवडत्या फलंदाजासाठी पोरे ते नाव घसा फुटेस्तोवर ओरडली. त्यात त्यांचा काय दोष?

या जाहिराती मुलाला दारू विकतच नाहीत. त्या दोस्ती विकतात, मर्दानगी विकतात, जिंकल्याचा जल्लोष विकतात. ओठावर मिसरूड फुटत असलेल्या पोराला नेमके हेच हवे असते. सिनेमाही फार मागे नाही. एके काळी पडद्यावरचा दारुडा हसण्यापुरता असे. बद्रुद्दीन काझी या विनोदी नटाला गुरुदत्तने 'जॉनी वॉकर' हे नाव दिले तेही व्हिस्कीवरूनच. नायक प्यायचा तो देवदाससारखा, दुःखात झुरताना. पुढे तो आनंदातही पिऊ लागला, पार्टीत नाचू लागला. तीच गाणी आज वरातीच्या डीजेवर आणि मुलांच्या मोबाइलवर वाजतात.

'एवढ्याने कुणी बिघडते का?' असे विचारणाऱ्यांसाठी एक दाखला. वर्षानुवर्षे मुलांचा मागोवा घेणाऱ्या १३ परदेशी अभ्यासांचा आढावा २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांची संख्या होती ३८ हजारांहून अधिक. निष्कर्ष असा की दारूच्या जाहिराती आणि पडद्यावरची दारू जितकी जास्त नजरेस पडते, तितकी न पिणारी मुले पिऊ लागण्याची आणि पिणारी अधिक पिण्याची शक्यता वाढते. फ्रान्सने १९९१ मध्येच कायदा करून टीव्ही आणि सिनेमागृहातून या जाहिराती हद्दपार केल्या. आपल्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या २०१९ च्या पाहणीत देशात सुमारे १६ कोटी लोक दारू घेतात असे दिसले. ही मोजणी वयाच्या १० व्या वर्षापासून सुरू केलेली होती, यातच काय ते समजावे!

मराठी माणसाला हे सारे नवे वाटू नये. गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ मध्ये रंगभूमीवर आले. सुधाकराला प्यायला लावतो तो तळीराम. तो त्याला दारू देत नाही, दुःखावरचा उतारा देतो. दारुड्यांचे 'आर्यमदिरामंडळ' काढणारा हा तळीराम म्हणजे आजच्या जाहिरातवाल्यांचा मूळपुरुषच! फरक एवढाच की गडकऱ्यांनी पुढचेही दाखवले : दळण दळणारी सिंधू, उजाड घर, गेलेले मूल. जाहिरात मात्र पहिला प्याला भरला की पडदा पाडते.

उरलेले काम, सांगायला वाईट वाटते, घरातली माणसे करतात. पाहुणे बसले की 'जा रे, सोडा आणि फरसाण घेऊन ये' म्हणून पोराला पिटाळतो तो बापच. वरातीत 'आता मोठा झालास' म्हणत पेला पुढे करतो तो काका किंवा मामाच. सोयाबीनचे पैसे हाती आले की फीची रक्कम बाजूला पडण्याआधीच एखाद्या घरात बाटली येते आणि कोपऱ्यात अभ्यासाला बसलेला मुलगा ती पाहतो. जाहिरातीने शिकवलेले नाव त्याला आता घरात भेटते. त्याची उरलीसुरली भीड तिथे मोडते.

२००८ च्या शासन आदेशाने गावातल्या बायकांना मतदान करून दुकानाची बाटली 'आडवी' करता येते. पण मुलाच्या डोक्यातली बाटली उभीच राहिली तर? तिला मतपेटी नाही. तिथे आईबापांनाच बसावे लागेल. टीव्हीवर तसली जाहिरात लागली की वाहिनी बदलण्यापेक्षा मुलालाच विचारावे, 'सोडा विकायला एवढा मोठा नट कशाला रे लागतो?' मुले हुशार असतात, डाव चटकन ओळखतात. आणि फसवले जाणे कोणत्याही पोराला आवडत नाही. सोबत एक पथ्य मोठ्यांनीही पाळावे : सोड्यासाठी मुलाला दुकानात धाडू नये.

लातूरला खोली करून देण्याआधी ही एक शिकवणी घरातच घ्यायला हवी. तिला फी पडत नाही.