दुर्बिणीतून तारकागुच्छ व दीर्घिका : निरीक्षणाची पूर्वतयारी

पुस्तकातील देवयानी दीर्घिकेचे रंगीत चित्र पाहिलेला विद्यार्थी प्रथमच दुर्बिणीस डोळा लावतो, तेव्हा त्याला दिसतो केवळ एक फिकट, करडा पट्टा. त्याची निराशा होते. क्वचित तो शिक्षकांस बरे वाटावे म्हणून न दिसलेलेही दिसले असे सांगतो. हे दोन्ही टाळणे शिक्षकाच्या हाती आहे.

प्रारंभ कृत्तिकांपासून करावा. नुसत्या डोळ्यांनी तेथे सहासात तारे दिसतात. तीन इंची दुर्बिणीतून कित्येक डझन. गॅलिलिओने १६१० साली प्रसिद्ध केलेल्या आकृतीत या गुच्छाचे ३६ तारे दाखविले होते. मुलांनी प्रथम नुसत्या डोळ्यांनी व मागाहून दुर्बिणीतून तारे मोजावेत. हा गुच्छ सुमारे ४४० प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे आज दिसणारा त्याचा प्रकाश शिवछत्रपतींच्या जन्मापूर्वीच निघालेला आहे.

त्यानंतर देवयानीकडे वळावे. डिसेंबरात सायंकाळी भाद्रपदांचा मोठा चौकोन माथ्याजवळ असतो. त्याच्या ईशान्य कोपऱ्यातील ताऱ्यापासून ईशान्येस जाताना तितकाच तेजस्वी दुसरा तारा लागतो. तेथून शर्मिष्ठेच्या दिशेस दोन मंद तारे आहेत. त्यांतील दुसऱ्याजवळ तो पट्टा आढळेल. पूर्वी यास आपल्याच आकाशगंगेतील तेजोमेघ मानणारे पुष्कळ होते. १९२३ साली एडविन हबल यांनी त्यातील एक रूपविकारी तारा ओळखला आणि ही स्वतंत्र दीर्घिका असल्याचे सिद्ध झाले. तिचे अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे आहे.

निरीक्षण चंद्र नसलेल्या रात्री करावे. डोळे अंधारास सरावण्यास अर्धा तास द्यावा. कंदिलावर तांबडा कागद लावावा. कमी वर्धनाची नेत्रिका वापरावी. मंद वस्तूकडे रोखून न पाहता किंचित बाजूस दृष्टी ठेवल्यास ती अधिक स्पष्ट दिसते. छायाचित्रातील रंग दीर्घकाळ प्रकाश साठवून मिळतात, डोळ्यास ते दिसत नाहीत, हे आधीच सांगावे. दुर्बीण सूर्याकडे कदापि वळवू देऊ नये. दृष्टी कायमची जाते.

प्रत्येक विद्यार्थ्याने तारीख, वेळ व स्वतः पाहिलेली आकृती वहीत नोंदवावी. एखाद्याने 'काही दिसले नाही' असे लिहिल्यास तीही नोंद मान्य करावी व त्यास पुन्हा दुर्बिणीपाशी न्यावे. शहरांतील दिव्यांच्या झगमगाटात हरवलेले काळोखे आकाश अनेक खेड्यांत अद्याप आहे. त्याचा लाभ आपल्या मुलांस अवश्य मिळवून द्यावा.